वरचा थर

"वरचा थर फोमचाच करा," फोलारिन म्हणाला.

मिसेस एकानेमची पेन्सिल थांबली. तिच्या केकच्या दुकानात येणारे नवरदेव मधले थर फोमचे करून घेत. वरचा कोणी मागितला नव्हता.

सहा थर हवेत, हा हट्ट फोलारिनच्या आईचा होता. बिशप येणार, अर्धं इबादान शहर येणार, केक नवरीच्या खांद्याला तरी लागला पाहिजे. सहाही थर खरे करायचे तर पाहुण्यांच्या भातात काटछाट करावी लागली असती, आणि भाताला हात लावायला मम्मींची तयारी नव्हती. म्हणून मधले चार फोमचे, म्हणजे थर्माकोलचे, वरून सारखंच आयसिंग. खालचा खरा, कारण सुरी त्यात शिरते. सगळ्यात वरचाही खरा, कारण तो लग्नात कापतच नाहीत. रममध्ये मुरवलेल्या मनुकांचा तो लहानसा केक घरी नेऊन जपून ठेवायचा आणि पहिल्या बाळाच्या बारशाला कापायचा.

"खालचा नीट खूण करून द्या हं, मॅडम," मम्मी म्हणाल्या. "माझ्या भाचीच्या लग्नात सुरी फोममध्ये घुसली. माइकवाला येशूच्या नावाचं एकेक अक्षर ओरडतोय, शेवटच्या अक्षराला केक कापला जायची माणसं वाट बघतायत, आणि सुरी करकर करकर! नवरदेवाला घाम फुटला. अजून हसतात लोक."

"मी सोनेरी फीत लावते, आंटी. आंधळ्यालाही सापडेल."

कोफो कोपऱ्यात बसून नमुन्याचे तुकडे संपवत होती. आयसिंग वितळू नये म्हणून दुकानात एसी चालू होता, आणि गारठ्याने कोफोची हाडं दुखू लागतात, म्हणून तिने स्वेटर घातला होता. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. "फोमचे थर म्हणजे मीच की," ती म्हणाली. "वरून साखर, आत हवा."

"गप बस आणि खा," होणारी नवरी इरेती धाकट्या बहिणीला म्हणाली.

दुखणं उसळलं की कोफो उशीचं टोक दातात धरते, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. इरेती ते लहानपणापासून बघत आली होती. तिच्या स्वतःच्या रक्तात त्या दुखण्याचा अर्धा वाटा होता. त्याने तिला काही होत नव्हतं. पण नवऱ्याच्या रक्तातही तसाच अर्धा निघाला, तर मूल कोफोसारखं निपजू शकतं. म्हणून फोलारिन आवडू लागला तेव्हा तिने आधी त्याचं रक्त विचारलं, मग बाकीचं. स्वच्छ आहे, तो म्हणाला होता. शाळेत तपासलं होतं.

लग्न ठरल्यावर चर्चने पुन्हा तपासून घ्यायला सांगितलं. मंगळवारी तो जाऊन आला. काय आलं, असं तिने विचारलं, तेव्हा "काय येणार?" एवढंच म्हणाला होता.

"वरचा फोमचा?" मम्मींनी मुलाकडे वळून पाहिलं. "अरे, मग बारशाला काय कापायचं? तुझं डोकं?"

"तेवढेच पैसे वाचतील, मम्मी."

"तो थर मी माझ्या पगारातून देते," इरेती म्हणाली.

"पैशांचं नाहीये गं."

"मग कशाचं आहे?"

फोलारिन म्हणजे लग्नाची बोलणी व्हायच्या आधीच होणाऱ्या मुलीचं नाव ठरवून बसलेला माणूस. ते नाव सहकाऱ्यांनाही सांगून टाकलं होतं. "उगाच ठेवून ठेवून खराब होईल," तो अखेर म्हणाला.

"माझा रमचा केक?" मिसेस एकानेम दुखावली. "तीन वर्षांनी कापा. बाळाला दात येऊन पडले तरी केक तसाच असेल!"

मम्मी मोठ्याने हसल्या. फोलारिन हसला नाही. तो केककडे बघतच नव्हता. तो कोफोकडे बघत होता, तिच्या पिवळसर डोळ्यांकडे, बोटांपर्यंत ओढलेल्या स्वेटरच्या बाह्यांकडे. इरेती आपल्याकडे बघतेय हे लक्षात आलं, तशी त्याने मान खाली घातली.

तेव्हा तिला मंगळवारचं उत्तर मिळालं. त्याचं रक्तही तिच्यासारखंच निघालं होतं.

आत्ता उठून बाहेर पडता आलं असतं. किंवा सगळ्यांसमोर विचारता आलं असतं. इरेतीने त्याच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. गळपट्टीपाशी तो घामाने भिजला होता, या गारठ्यात.

"फोमचाच करा, मॅडम," ती म्हणाली.

"बघा, लग्नाआधीच नवऱ्याच्या बाजूने!" मम्मी खूश झाल्या. "चांगलं आहे. बारशाला ताजा करू. मॅडम, पुढच्या वर्षी याच दिवसांत माझी ऑर्डर धरून चाला. देवाच्या कृपेने आम्ही परत येतोय."

"आमेन," मिसेस एकानेम म्हणाली.

"आमेन," फोलारिनही म्हणाला. म्हणावंच लागतं. इरेतीचे ओठ हलले नाहीत.

मिसेस एकानेमने मागच्या फळीवरून फोमचा एक लहान गोल काढला आणि मापासाठी टेबलावर ठेवला. एसीच्या झोताने तो जागचा सरकला. तिने त्यावर बोट ठेवलं, तसा तो करकरला.

कोफोने हातातली बशी बाजूला ठेवली. तिच्यात अजून एक तुकडा उरला होता. ती उठून बहिणीपाशी आली, तिच्या खांद्याला टेकली, आणि मम्मींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात तिने विचारलं,

"ताई, बाळ माझ्यासारखं झालं असतं, तर इतकं वाईट झालं असतं का गं?"