पुलावरची डबी

"सोबत काही फळं, दारू, गांजा?" अमेरिकन अधिकाऱ्यानं खिडकीशी वाकून विचारलं.

सू गावातला माणूस या प्रश्नाला झोपेतही "नाही" म्हणेल. नदीच्या अलीकडचं सू कॅनडाचं, पलीकडचं अमेरिकेचं, दूध आणायलासुद्धा लोक पूल ओलांडतात. टॉइवोनं तोंड उघडलंही होतं. पण त्याची बायको लेम्पी पडली नाकासमोर चालणारी. तिनं पर्समधून डबी काढली आणि आपणहून पुढे केली.

"गांजाच्या गोळ्या. गुडघ्यांसाठी आहेत. रात्री अर्धी घेते."

डबीवर सरकारी शिक्का, वर पावती गुंडाळलेली. सरकारच्याच ऑनलाइन दुकानातून घरपोच आलेली. आणून देणाऱ्या मुलीनं तर एकाहत्तर वर्षांच्या बाईकडे वयाचा पुरावा मागितला होता! इतकं सगळं नियमात असताना लपवायचं कशाला? शिवाय लेक काइसा पलीकडेच राहते, तिच्या गल्लीतही या गोळ्या घरपोच मिळतात. टपालानं नाही, दुकानाच्या गाडीनं, एवढाच काय तो फरक. दोन्ही काठांना चालतं, मग मधल्या पुलानं काय घोडं मारलंय, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

त्यांना आत नेऊन बसवलं. अधिकारी पोरगेलासा होता, वागायलाही चांगला. कधीपासून घेता, किती घेता, त्यानं विचारलं. लेम्पीनं महिन्यासकट सांगितलं. टेबलाखालून टॉइवोनं तिच्या पायावर पाय दिला.

"पाय कसला देतोस? खोटं बोलू का आता?"

अधिकाऱ्यानं सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"आजी, तुमच्याकडे चालतं. आमच्या या राज्यातही चालतं. पण सीमा राज्याची नाही, देशाची आहे, आणि देशाच्या कायद्यात हे बसत नाही. तुम्हाला आत सोडता येणार नाही."

"बरं, डबी ठेवून घ्या."

"ती ठेवणारच आहे. पण तुम्ही घेता, असं तुम्हीच सांगितलंत. आता खास परवानगी आल्याशिवाय तुम्हाला कधीच येता येणार नाही."

"किती दिवस लागतात?"

"वर्ष धरून चाला."

लेम्पीनं टॉइवोकडे पाहिलं, मग पुन्हा त्या पोराकडे. काइसाला पहाटेपासून कळा येत होत्या. पहिली खेप, जावई मालवाहू बोटीवर चार दिवसांच्या अंतरावर, जवळ दुसरं कुणी नाही. हे सगळं तिनं त्याला सांगितलं, न रडता, दोनदा सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी, काका एकटे जाऊ शकतात, एवढंच म्हणाला.

बाळंतपणात बाप जाऊन काय करणार? तरी तिला घरी सोडून टॉइवोनं परत यायचं ठरलं. दोघं गाडीत बसले आणि गाडी उलटी वळली.

पूल अर्धा संपला तेव्हा फोन वाजला. काइसाला धड बोलताही येत नव्हतं.

"आई, कुठं आहेस गं तू?"

लेम्पीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"पुलावरच आहे, बाळा. गाड्यांची ही रांग लागलीय. आलेच मी."

टॉइवोनं वेग कमी केला. पुलावर त्यांच्या पुढे-मागे एकही गाडी नव्हती.