गोष्टीच्या खेळाची पहिली आवृत्ती

छापण्याआधी चार मोठ्या माणसांना खेळायला बसवा, असं छापखानेवाल्या काकांनी तिला बजावलं होतं. तिने हसून सोडून दिलं. पत्ता उचलायचा आणि त्यावरचं चित्र घेऊन गोष्ट पुढे न्यायची, एवढाच तर खेळ. चार वर्षांच्या लेकीबरोबर, चिऊबरोबर, रोज खेळून बघितला होता. कोपरे टोचू नयेत म्हणून नमुन्याचे पत्ते स्वतःच्या गालावर घासले होते. गिळता येऊ नये म्हणून पत्ता तळहाताएवढा केला होता. आणखी काय बघायचं?

आता छापून आलेल्या डब्यांची खोकी बैठकीच्या खोलीत छताला टेकली होती. उद्यापासून दुकानांत जायची होती. त्यांच्या आडोशाला सासूबाई, नणंद आणि नवरा पहिला डाव मांडून बसले होते.

सासूबाईंना विहीर आली. त्यांनी राजपुत्राला आत ढकललं. नणंदेने दोर सोडला, नवऱ्याने तो कापला. पत्ते संपले तसे पिसून पुन्हा मांडले. राजपुत्राचं तिसरं लग्न ठरलं, सासूबाईंनी तेही मोडलं. चहा दोनदा निवला. ती भिंतीला टेकून कौतुकाने बघत होती.

शेवटी नणंदेने पाय मोकळे करत विचारलं, “वहिनी, जिंकतं कोण यात?”

“कोणीच नाही. गोष्ट रंगली की झालं.”

“बरं, मग संपतं कधी?”

तिने नियमांचं पान उलगडलं. मांडणी होती, पाळी होती, कुणी अडलं तर काय करायचं तेही होतं. संपण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. तिने पान उलटं करून पाहिलं.

“चिऊबरोबर खेळायचीस तेव्हा कसा संपायचा?” नवऱ्याने विचारलं.

तिने पानाची घडी घातली. “ती झोपायची.”

नवरा एकेक करत सगळ्या खोक्यांकडे बघत राहिला. सासूबाईंनी चष्मा पुसून परत लावला.

“मला काही झोप येत नाहीये,” त्या म्हणाल्या. “पाळी कुणाची?”

खोक्यांची सोय होईल. खेळ कधी संपवायचा ते सांगणारं एक जास्तीचं पान प्रत्येक डब्यात सरकवता येईल, काकांनी शब्द दिलाय. पण एक डबा छापखान्यातूनच गेला. परवा एक निवृत्त जोडपं हौसेने घेऊन गेलं, नाव-पत्ता काकांनी विचारला नाही. तेव्हा तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: शेजारच्या घरात दोन वयस्कर माणसं कुठल्याशा राक्षसावरून परवापासून हमरीतुमरीवर आली असतील, तर जरा बेल वाजवा. जेवलीत का, तेवढं विचारा.