टॉवेलची गुंडाळी

"दाबा, बाई. गुडघ्याने टॉवेल खाली दाबा," व्यायाम करून घेणारी मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

बाईंनी श्वास रोखला. होता नव्हता तेवढा जीव गुडघ्यात आणला. गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी तशीच फुगून राहिली.

"लावतेय गं जोर!" बाई कळवळून म्हणाल्या.

"माहितेय मला. काल खुबा बदलल्यावर दुखू नये म्हणून मांडीची नस बधिर केलीय. संध्याकाळपर्यंत ओसरेल, मग येईल जोर. उगाच धडपडू नका." ती पुढच्या खाटेकडे गेली.

बाईंनी तीस वर्षं शाळेत कवायत घेतली होती. त्यांच्या शिट्टीसरशी आठशे पाय एकदम उठायचे. घरचा एकच पाय तेवढा त्यांना दाद देत नव्हता, नवऱ्याचा. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून रोज सकाळी बाई अशीच गुंडाळी त्यांच्या गुडघ्याखाली सरकवत आणि दहापर्यंत मोजत. गुंडाळी दबली नाही की तोंडाचा पट्टा सुरू. "मनावरच घेत नाही तुम्ही! आयतं बसून खायची सवय लागलीय नुसती!" शेजारपाजार ऐकत असे. नवरा छताकडे बघत "उद्या बघू" एवढंच म्हणे. त्याने तर बाईंचं डोकं आणखीच फिरे.

आता त्या स्वतःच छताकडे बघत पडल्या होत्या. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर परवडलं असतं, असं त्यांना वाटून गेलं. पाय शेजारी होता, पण दुसऱ्या कुणाचं तरी सामान चुकून आपल्या खाटेवर ठेवल्यासारखा. त्याला रागावून उपयोग नव्हता, गोंजारूनही नव्हता.

चार वाजता जावयाने सासऱ्यांची चाकांची खुर्ची खाटेला लावली आणि तो औषधं आणायला गेला. नवऱ्याने आधी गुंडाळीकडे पाहिलं, मग बाईंकडे. तीन वर्षांचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण त्यांनी खाटेवरून लोंबणारी चादर नुसती वर सरकवली.

"अहो," बाईंचा तो शिट्टीवाला आवाज आज शेजारच्या खाटेपर्यंतही गेला नसता. "मी एवढी ओरडायचे, तेव्हा तुम्ही जोर लावत होतात?"

"रोज," ते म्हणाले. "तू आत चहा टाकायला गेलीस की, तेव्हासुद्धा."

बाईंना रडू आवरेना. नवऱ्याने आपल्या चालत्या हाताने त्यांचा हात धरला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

बऱ्याच वेळाने बाईंच्या खुब्यातून एक कळ निघाली. पाठोपाठ मांडी ताठ झाली आणि गुडघ्याखाली गुंडाळी दबली. चांगली चपटी झाली.

हाताला बसलेला हिसका जाणवून नवरा वळला. "काय गं? आला का जोर?"

बाईंनी दुसऱ्या हाताने घाईघाईने पायावर चादर ओढली.

"कुठला?" त्या म्हणाल्या. "उद्या बघू."