गाऱ्हाण्यातलं नाव

शिमग्याची पालखी विमलाबाईंच्या अंगणात टेकली आणि ढोल थांबले. घराघराचं गाऱ्हाणं देवाला घालायचा मान भिकाजीचा. तो नारळ घेऊन पुढे झाला.

"काय सांगू, वैनी?"

"नेहमीचंच. सुनेची कूस उजव म्हणावं. तिचं काय चुकलं असेल तर पदरात घे म्हणावं."

सून दर्शना नवऱ्याच्या, विनीतच्या, मागे उभी होती. नवस म्हणून ती एसटीतून उतरल्यापासून जांभ्याच्या वाटेनं अनवाणी चालत आली होती. टाचा फुटल्या होत्या. विनीत वाटभर त्या टाचांकडे बघत आला होता.

"बा देवा महाराजा, ही दर्शना तुझ्या पायाशी..."

"काका, थांबा," विनीत म्हणाला.

दर्शनानं मागून त्याचा शर्ट धरला. "नको ना. मला चालतंय."

"मला नाय चालत." तो भिकाजीकडे वळला. "तिच्या जागी माझं नाव घाला. दोष माझ्यात आहे. मुंबईच्या डॉक्टरनं कधीच सांगितलंय. माझी मान खाली जाईल म्हणून ही मला बोलू देत नव्हती. आणि मीही गप्प बसलो."

विनीतचे कान लाल झाले होते, पण खांदे सैल पडले होते.

भिकाजीनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. "म्हणजे इतकी वर्षं आपण देवाला चुकीचा पत्ता देत होतो. तो तरी बिचारा काय करील?"

पालखीची पोरं हसली. मग विनीतलाही हसू आलं, आणि डोळे पुसावे लागले.

विमलाबाई हसल्या नाहीत. त्या सुनेजवळ गेल्या.

"मी एवढं बोलत होते, तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं गं?"

"मग तुम्ही ह्यांना बोलला असतात."

विमलाबाईंनी विचार केला. "बोलले असते," त्या म्हणाल्या, आणि तिचा हात हातात घेतला.

भिकाजी ताटकळला होता. "आता देवाला काय सांगायचं ते तरी सांगा."

"तिलाच विचारा," विमलाबाई म्हणाल्या.

दर्शनानं पालखीला हात जोडले.

"आज काय मागू नका, काका. आम्ही तिघं इथे आहोत, एवढंच सांगा."

भिकाजीनं डोळे मिटून तेवढंच सांगितलं.

"होय महाराजा," सगळ्यांच्या आधी विमलाबाई म्हणाल्या.