दोघांचा ले-ऑफ

चाकणच्या मोटार कारखान्यात काम थांबलं, तेव्हा वेल्डर दत्ताराम खुटवड आणि त्याच्या जोडीचा यंत्रमानव, दोघांनाही तात्पुरतं घरी बसवलं. बंद ठेवलेला यंत्रमानव शिकलेलं सगळं विसरायचा, म्हणून कंपनीने तो दत्तारामच्याच घरी चालू ठेवून सांभाळायला दिला. दत्तारामची बायको शकुंतला यंत्रमानवाकडून पोळ्या लाटून घेऊ लागली.

एका सकाळी मॅनेजरचा फोन आला. "काम सुरू होतंय. यंत्रमानव पाठवून द्या. तुमचं नंतर बघू."

दत्तारामचा चेहराच उतरला. शकुंतलाने फोन हिसकावून घेतला.

"साहेब, तो आता नुसत्या पोळ्या लाटतो. वेल्डिंग पार विसरलाय. शिकवायला ह्यांनाच बोलवावं लागेल."

तिच्या पाठीमागे यंत्रमानव कढईचा तुटलेला कान सफाईने वेल्ड करत होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस दोघांनाही न्यायला आली.