आपापली खिंड

"बॉलमागं कुणी पळायचं न्हाई! ज्यानं त्यानं आपापली खिंड अडवून धरायची!"

अमेरिकन फुटबॉलचे कोच असलेल्या मामांनी भाचीच्या लग्नातही संघाला हीच तंबी दिली, कारण नवरदेव याआधी एका मांडवातून पळाला होता. कूलर आणि सोफ्यामधली खिंड रणधीरची. नवरीच्या मागची, मानाची, मामांची.

शेवटच्या 'सावधान'ला नवरदेव सुटलाच. रणधीरवर चालून आला, त्याची छाती बघून गर्रकन वळला, अंतरपाटाखालून घुसला आणि मामांच्या बगलेतून रस्त्याला लागला.

"अरे, पळा! धरा त्याला!" मामा किंचाळले.

दहाच्या दहा पोरं जागच्या जागी पाय रोवून उभी.

"सर," डोक्यावरच्या अक्षता झटकत रणधीर अदबीनं म्हणाला, "ती खिंड तुमची हुती."