सोमवारचा गिझर

व्हॉल्व्ह नवा बसवला, तरी मोर्शीच्या उत्तमरावांचा गॅस गिझर दर सोमवारी पेटेचना. ऐन थंडीत बिचारे गार पाण्याने कुडकुडत अंघोळ करायचे. मंगळवारी शुभम मिस्त्री आला, की गिझर भक्कन पेटायचा.

"काका, गिझर ठणठणीत हाय. तुमचाच व्हॉल्व्ह तपासा!"

पाचव्या सोमवारी उत्तमरावांनी त्याला सकाळीच धरून आणलं. नळीचा माग काढत शुभम स्वयंपाकघरात पोचला, तर सिलिंडरचा रेग्युलेटरच बंद!

"काकू, हे कोनं बंद केलं?"


"मीच," सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. "गिझर सुधरावा म्हनून सोळा सोमवार धरले ना भाऊ. त्या दिवशी घरात गॅस पेटवत नाही. अजून अकरा बाकी हायेत."